मेंदूच्या दुखापतीचे भाकीत रक्तावरून : राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : डोक्याला जबर मार लागलेला रुग्ण वाचेल की नाही हे सांगू पाहणाऱ्या रक्तचाचण्या, आणि त्या राज्यात येण्यापूर्वी ठरवायच्या गोष्टी

महोदय,

डोक्याला जोराचा मार बसला की मेंदूतल्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातली काही प्रथिने रक्तात उतरतात. निरोगी माणसाच्या रक्तात ती नावापुरतीच असतात. मार बसल्यावर तास-दोन तासांत त्यांची पातळी मोजता येईल इतकी वाढते, आणि साधारणपणे नुकसान जितके मोठे तितकी ती जास्त चढते. हाताच्या शिरेतून काढलेल्या थोड्याशा रक्तावरून कवटीच्या आत काय झाले असेल याचा अंदाज बांधायचा आणि रुग्णाच्या जगण्याची शक्यता वर्तवायची, हा या बायोमार्कर चाचण्यांमागचा विचार आहे. अमेरिकेत आणि युरोपात त्या संशोधनाच्या प्रयोगशाळेतून अपघात विभागात येऊ लागल्या आहेत. सरकारी खरेदीच्या यादीत त्या आज ना उद्या येतीलच. त्यांच्याकडून काय मागायचे आणि काय मागायचे नाही, हे त्याआधी ठरलेले बरे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रातली. देशभरात सर्वांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा होता, आणि हेल्मेटशिवाय मेलेले चालक व मागे बसलेले मिळून पन्नास हजारांच्या घरात जातात. मेले नाहीत पण बेशुद्ध अवस्थेत रुग्णालयात पोहोचले, अशांची गणती यात नाही. अशा प्रत्येक रुग्णाबाबत पहिल्या काही तासांतच निर्णय घ्यावे लागतात. जिल्हा रुग्णालयात ठेवायचे की मेडिकल कॉलेजला पाठवायचे, कवटी उघडायची की थांबायचे, एकच व्हेंटिलेटर मोकळा असेल तर तो कोणाला द्यायचा, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या घरच्यांना काय सांगायचे.

या निर्णयांसाठी आजवर डॉक्टरांच्या हातात मुख्यतः दोन साधने आहेत. पहिले ग्लासगो कोमा स्केल. ग्रॅहॅम टीजडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या या मापनात डोळे उघडणे, बोलणे आणि हातपाय हलवणे यांना गुण देतात. एकूण गुण ३ ते १५ असतात, आणि ८ किंवा त्याहून कमी असले की दुखापत गंभीर मानतात. पन्नास वर्षे हे माप टिकले ते त्याला यंत्र लागत नाही म्हणून. पण तालुक्याच्या ठिकाणी घशात नळी घालून आणि झोपेचे इंजेक्शन देऊन पाठवलेल्या रुग्णाला बोलण्याचे गुण देता येत नाहीत. डोळे सुजून बंद झालेले असतात, कोणी दारू प्यालेला असतो. गुण कमी येतात ते मेंदूमुळे की औषधामुळे, हे त्या घटकेला सांगता येत नाही. दुसरे साधन सीटी स्कॅन. त्यात रक्ताची गाठ दिसते, मेंदू एका बाजूला सरकलेला दिसतो, पण गाडी उलटताना डोके गरकन फिरून मेंदूतले चेतातंतू जागोजागी ताणले-तुटले असतील तर पहिला सीटी बऱ्यापैकी स्वच्छ येऊ शकतो. सीटी साफ आणि रुग्ण मात्र शुद्धीवर येत नाही, हा अनुभव कोणत्याही न्यूरोसर्जनला नवा नाही. रक्तचाचणीला जागा मिळते ती इथे.

या प्रथिनांची ओळख जुनी आहे. ब्लेक मूर यांनी १९६५ मध्ये गाईच्या मेंदूतून एक प्रथिन वेगळे काढले, त्याला एस-१०० म्हणतात. त्याचा एस-१०० बी हा प्रकार मेंदूतल्या तारकापेशींत भरपूर असतो. तारकापेशी म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या, त्यांची पोषणाची आणि साफसफाईची व्यवस्था पाहणाऱ्या पेशी. एस-१०० बी रक्तात लवकर चढते आणि लवकर उतरते. उत्तर युरोपातल्या देशांनी २०१३ पासून आपल्या मार्गदर्शक सूचनांत त्याला स्थान दिले आहे, पण किरकोळ मार लागलेल्या रुग्णाचा सीटी टाळता येईल का, एवढेच पाहण्यासाठी. गंभीर रुग्णात त्याची अडचण अशी, की ते चरबीत, कूर्चेत आणि त्वचेला रंग देणाऱ्या पेशींतही असते. मांडीचे हाड मोडून डोक्याला ओरखडाही न आलेल्या माणसाच्या रक्तात ते वाढलेले सापडते. मोटारसायकलच्या अपघातात पाय आणि डोके एकाच वेळी सापडतात, तेव्हा वाढलेला आकडा कोणत्या दुखापतीचा मानायचा? त्वचेच्या रंगाशी असलेल्या संबंधामुळे निरोगी माणसातली नेहमीची पातळीही वंशागणिक बदलते, असे आढळले आहे. स्वीडनमध्ये ठरवलेली मर्यादा सोलापुरात आहे तशी चालेल असे गृहीत धरता येत नाही.

दुसरे प्रथिन न्यूरॉन-स्पेसिफिक इनोलेज, म्हणजे एनएसई. नावात चेतापेशी असली तरी ते लाल रक्तपेशींतही असते, आणि इथे विज्ञानापेक्षा कामाची पद्धत आडवी येते. धावपळीत बारीक सुईने ओढून घेतलेले रक्त सिरिंजमधून ट्यूबमध्ये जोराने सोडले की लाल पेशी फुटतात. ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर वर येणारा सीरम फिकट पिवळ्याऐवजी गुलाबी दिसतो. प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ ट्यूब उजेडात धरून एका नजरेत ओळखतो की नमुना खराब झाला आहे. तो नमुना फेकून दुसरा मागवला नाही, तर मेंदूचे जे नुकसान झालेलेच नाही ते कागदावर येते. एनएसईच्या फुगलेल्या आकड्यावर एखाद्याच्या जगण्याची शक्यता ठरत असेल, तर ती सुईच्या जाडीवर ठरली असे म्हणावे लागेल.

आज सर्वाधिक भरवसा आहे तो जीएफएपी आणि यूसीएच-एल१ या जोडीवर. जीएफएपी हा तारकापेशींच्या आतल्या सांगाड्याचा धागा आहे. मेंदूबाहेर तो फारसा नसल्याने मोडलेल्या हाडांनी फसवणूक होण्याचा धोका कमी. यूसीएच-एल१ चेतापेशींतले विकर आहे, खराब झालेली प्रथिने मोडीत काढण्याच्या कामातले. दोघांची वेळापत्रके वेगळी आहेत. यूसीएच-एल१ साधारण आठ तासांत शिखर गाठते आणि दोन दिवसांत उतरते. जीएफएपी तासाभरात दिसू लागते, विसाव्या तासाच्या आसपास शिखरावर जाते आणि तिसऱ्या दिवसापर्यंत हळूहळू ओसरते. म्हणून नमुना किती वाजता घेतला यापेक्षाही मार किती वाजता लागला हे महत्त्वाचे ठरते, आणि एमएलसीच्या, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंदीच्या, कागदावर नेमकी तीच वेळ अंदाजाने लिहिलेली असते. रात्री शेताच्या बांधावर पडलेला माणूस सकाळी सापडतो. त्याचा आठव्या तासाचा नमुना कोणता, हे कोण सांगणार?

न्यूरोफिलामेंट लाइट हे चेतातंतूंच्या आतले प्रथिन मात्र संथ आहे. ते दिवसेंदिवस चढत राहते आणि काही आठवडे वरच असते. पहिल्या रात्रीच्या निर्णयाला त्याचा उपयोग नाही. पुढच्या वर्षभरात रुग्ण कितपत सावरेल आणि मेंदू झिजत जाईल का, याचा अंदाज मात्र ते देते. २०२१ मध्ये सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या १९७ रुग्णांच्या अभ्यासातून ते बऱ्यापैकी स्पष्ट झाले.

रक्तातला आकडा म्हणजे मेंदूतून झालेली आवक वजा शरीराने केलेली जावक, हे इथे लक्षात ठेवायला हवे. मेंदूतला कचरा रक्तापर्यंत वाहून नेणारी यंत्रणा दुखापतीत स्वतःच मंदावते. उंदरांवरच्या प्रयोगांत ही वाट अडवली तेव्हा मेंदूचे नुकसान तेवढेच राहूनही रक्तातली पातळी घटली. त्यामुळे पातळी कमी आली म्हणून दुखापत लहान, असा सरळ हिशेब दर वेळी जमत नाही.

आता पुराव्याकडे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १४ फेब्रुवारी २०१८ रोजी जीएफएपी व यूसीएच-एल१ च्या चाचणीला पहिली परवानगी दिली आणि ‘मेंदूच्या दुखापतीची रक्तचाचणी आली’ अशा बातम्या जगभर छापून आल्या. परवानगी कशासाठी होती हे बातम्यांत बऱ्याचदा सुटले. ज्या अभ्यासावर ती आधारली होती त्यातल्या १,९५९ रुग्णांचे ग्लासगो गुण ९ ते १५ होते, आणि प्रश्न इतकाच होता की कोणाचा सीटी केला नाही तरी चालेल. चाचणी नकारार्थी आली तर सीटीत काही सापडण्याची शक्यता अर्ध्या टक्क्याहूनही कमी होती. किरकोळ आणि मध्यम रुग्णाला सीटीपासून वाचवण्याचे हे साधन उत्तम आहे. पुढे हीच चाचणी हातात मावणाऱ्या यंत्रावर आली, आणि २०२४ मध्ये तर सेंट्रिफ्यूजशिवाय, थेट रक्तावर पंधरा मिनिटांत करण्याची परवानगी मिळाली. पण गंभीर रुग्णाच्या जगण्यामरण्याचे भाकीत हा वेगळा प्रश्न आहे, आणि या परवानग्यांत त्याचे उत्तर नाही. विक्रीला येणारा प्रतिनिधी दोन्ही गोष्टी एकाच माहितीपत्रकात मांडेल, तेव्हा खरेदी समितीने त्या वेगळ्या करून वाचायला हव्यात.

भाकिताच्या प्रश्नाला भिडणारा मोठा अभ्यास २०२२ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजीत आला. अमेरिकेतल्या ट्रॅक-टीबीआय प्रकल्पातल्या १,६९६ रुग्णांचे पहिल्या दिवसाचे रक्त आणि सहा महिन्यांनंतरची स्थिती त्यात ताडून पाहिली होती. मृत्यूच्या भाकितात जीएफएपीला ०.८७ आणि यूसीएच-एल१ ला ०.८९ गुण मिळाले. या गुणांचा अर्थ असा, की पुढे मेलेला एक आणि वाचलेला एक अशी जोडी समोर ठेवली तर शंभरातल्या सुमारे ८७ ते ८९ जोड्यांत मेलेल्याचा आकडा जास्त होता. ०.५ म्हणजे नाणेफेक, १ म्हणजे अचूक. ८७ हा आकडा ऐकायला दांडगा वाटतो, पण तो जोडीचा आहे. समोरच्या खाटेवरचा एक रुग्ण मरण्याची शक्यता ८७ टक्के, असा त्याचा अर्थ लावणे सपशेल चूक आहे, आणि ही चूक शिकल्यासवरल्या माणसांकडूनही होते. शिवाय त्या १,६९६ जणांत किरकोळ मार लागलेलेच पुष्कळ होते. किरकोळ आणि गंभीर यांच्यातला फरक ओळखणे सोपे असते. सगळेच गंभीर असताना त्यांच्यात फरक करणे अवघड.

त्याच अभ्यासात पूर्णपणे बरे न होण्याच्या भाकितात दोन्ही प्रथिनांचे गुण ०.६१-०.६२ वर घसरले, म्हणजे नाणेफेकीच्या थोडेसे पुढे. मृत्यू ही प्रथिने बरी ओळखतात, पूर्णपणे सावरणे ओळखत नाहीत. ग्लासगो गुण ३ ते १२ असलेल्या रुग्णांत मात्र एक उपयोगाची गोष्ट दिसली. वय, हालचालीचे गुण, डोळ्यांच्या बाहुल्यांची प्रतिक्रिया अशा नेहमीच्या माहितीवर चालणाऱ्या इम्पॅक्ट या गणिती पद्धतीत ही प्रथिने मिळवली की मृत्यूच्या भाकिताचे गुण ०.९० ते ०.९४ पर्यंत गेले. युरोपातल्या सेंटर-टीबीआय प्रकल्पानेही रक्तचाचणी जुन्या माहितीत भर घालते असाच निष्कर्ष काढला, आणि त्यात यूसीएच-एल१ सर्वांत पुढे होते. २०२५ मध्ये मांडल्या गेलेल्या दुखापतीच्या नव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात रक्तातल्या खुणांना तपासणी, सीटी-एमआरआय आणि रुग्णाची परिस्थिती यांच्या जोडीने जागा मिळाली आहे. कोणत्याही जाणत्या गटाने रक्ताला एकटे उभे केलेले नाही.

एकट्या आकड्यावर विसंबले तर काय होईल, ते गणिताने पाहता येते. समजा २०० गंभीर रुग्ण आहेत, त्यांतले ६० मरणार आहेत आणि १४० वाचणार आहेत. चाचणीची मर्यादा अशी ठेवली की ती मरणाऱ्यांपैकी ६० टक्के ओळखते आणि वाचणाऱ्यांपैकी फक्त ५ टक्क्यांना चुकून मरणाऱ्यांत टाकते. वैद्यकाच्या दृष्टीने ही चाचणी चांगली म्हणावी लागेल. ती ४३ जणांवर मृत्यूचा शिक्का मारील. त्यांतले ३६ खरोखर मरतील आणि ७ जण वाचणार होते. शिक्का बसलेल्या दर सहांपैकी एक. सीटी वाचवायला ही चूक चालते, उपचार थांबवायला चालत नाही.

मर्यादेचा आकडाही दगडावरची रेघ नसतो. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णांत मेंदूचे नुकसान मोजायला एनएसई पुष्कळ वर्षे वापरात आहे. २००६ च्या अमेरिकी मार्गदर्शनात ३३ मायक्रोग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा होती. पुढे अशा रुग्णांना थंड ठेवण्याचे उपचार रूढ झाले आणि ३३ च्या वर असलेले रुग्णही चालते-बोलते होऊन घरी जाताना दिसू लागले. युरोपच्या २०२१ च्या मार्गदर्शनात मर्यादा ६० झाली, तीही ४८ किंवा ७२ तासांच्या नमुन्याची, आणि दुसरी किमान एक खूण सोबत असेल तरच. उपचार सुधारले की भाकिताची रेघ हलते. रेघ जुनीच राहिली तर सुधारलेल्या उपचारांचा फायदा कोणाला द्यायचा हे जुनी रेघच ठरवते.

भाकिताचा सर्वांत मोठा दोष प्रयोगशाळेत सापडत नाही. रुग्ण वाचणार नाही असे ठरले की उपचार आवरते घेतले जातात, आवरते घेतले की रुग्ण मरतो, आणि भाकीत खरे ठरल्याची नोंद होते. कॅनडातल्या सहा ट्रॉमा केंद्रांचा २०११ मधला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. गंभीर दुखापतीच्या ७२० रुग्णांपैकी ३१.७ टक्के मेले, आणि त्या मृत्यूंपैकी ७०.२ टक्के जीवरक्षक उपचार काढून घेतल्यावर झाले. त्यांतले सुमारे निम्मे पहिल्या तीन दिवसांतच. केंद्राकेंद्रांत हे प्रमाण ४५ पासून ८६.८ टक्क्यांपर्यंत बदलत होते. म्हणजे रुग्ण कुठल्या शहरात जखमी झाला यावर ते अवलंबून होते. याउलट ट्रॅक-टीबीआयच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दोन आठवड्यांनंतरही डोळे उघडे पण भान नाही अशा अवस्थेत असलेल्या ७९ जणांपैकी ६२ जण वर्षभरात शुद्धीवर आले. पहिल्या तीन दिवसांचा निकाल त्यांच्याबाबत सरळ चुकला असता.

भारतात उपचार काढून घेण्याचा निर्णय औपचारिकपणे क्वचितच होतो. इथे तो कागदावर ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’ म्हणून येतो. आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांना ‘पुढचे ७२ तास काही सांगता येत नाही’ हे वाक्य पाठ असते. त्या ७२ तासांत दागिने मोडले जातात, गावाकडून पैसे मागवले जातात, आणि चौथ्या दिवशी घरातला कर्ता माणूस विचारतो, ‘डॉक्टर, स्पष्ट सांगा, पेशंट वाचणार का?’ त्या क्षणी डॉक्टरांच्या हातात रक्तचाचणीचा कागद असेल आणि त्यावर लाल अक्षरांत वाढलेला आकडा असेल, तर संभाषण तिथेच संपते. रुग्णवाहिका बोलावली जाते आणि नळी काढून माणूस घरी नेला जातो. आकडा बरोबर होता की सुईने फुगवलेला, हे कळण्याची सोयही उरत नाही. केंद्र सरकारने ५ मे २०२५ पासून लागू केलेल्या रोकडरहित उपचार योजनेत अपघातग्रस्ताला दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, पण अपघातापासून सात दिवसच. मेंदूच्या दुखापतीचा निकाल जगभर सहा महिन्यांनी मोजतात. सात दिवसांची योजना आणि पहिल्या दिवसाचा आकडा एकत्र आले तर कोणत्या दिशेला ढकलतील, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

कायद्यानेही घाईला जागा ठेवलेली नाही. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला, मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि त्या मे २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात जिवंत होत्या. वाचणे आणि सावरणे यांतले अंतर महाराष्ट्राला शिकवायला दुसऱ्या कोणत्या उदाहरणाची गरज नाही. त्यांच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये अटी घालून उपचार थांबवण्याची वाट प्रथम मोकळी केली. २०१८ च्या घटनापीठाने तिची चौकट आखली, आणि जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती वापरता येईल इतकी सुटसुटीत केली. आज प्राथमिक आणि दुय्यम अशी दोन वैद्यकीय मंडळे लागतात, आणि निर्णय अमलात आणण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. मेंदूमृत्यू ही तर वेगळीच बाब. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचे पथक सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते, आणि रक्तातल्या कोणत्याही प्रथिनाला तिथे स्थान नाही. ते तसेच राहिले पाहिजे.

मग या चाचण्यांचा उपयोग कशाला? उत्तर रुग्ण हलवण्याच्या प्रश्नात आहे. सीटी मशीन बंद असलेल्या उपजिल्हा रुग्णालयात पंधरा मिनिटांची चाचणी सांगू शकते की हा माणूस रात्रीच नागपूरला किंवा संभाजीनगरला गेला पाहिजे. झोपेच्या औषधाखाली असलेल्या रुग्णात वाढत जाणारा आकडा सांगू शकतो की सीटी पुन्हा करा. औषधांच्या चाचण्यांत सारख्या दुखापतीचे रुग्ण निवडायला त्यांचा उपयोग आहेच. या सगळ्या वापरांत आकडा उपचार वाढवतो. चूक झाली तर एक फेरी आणि एक स्कॅन फुकट जातो, माणूस जात नाही.

भाकीत करणाऱ्या साध्या रक्तचाचण्या राज्यातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आजही होतात, हेही विसरता कामा नये. इम्पॅक्ट पद्धतीच्या प्रयोगशाळेच्या भागात फक्त दोन गोष्टी आहेत, रक्तातली साखर आणि हिमोग्लोबिन. गंभीर दुखापतीच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत रक्त गोठण्याची क्रिया बिघडलेली असते आणि त्यांच्यात मृत्यू कितीतरी पटीने अधिक. ते कळायला पीटी-आयएनआर पुरते. रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला तरी मृत्यूचे प्रमाण दुपटीच्या घरात जाते, हे १९९३ पासून माहीत आहे. यांतली प्रत्येक गोष्ट भाकीत तर करतेच, शिवाय ती दुरुस्तही करता येते. रक्त चढवता येते, साखर उतरवता येते, दाब सांभाळता येतो. जीएफएपी उतरवण्याचे औषध अस्तित्वात नाही. महागडी चाचणी घ्यायची आणि आयएनआरचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येऊ द्यायचा, असा उलटा कारभार होऊ नये.

परदेशातली गणिते इथे जशीच्या तशी लागू होत नाहीत, याचाही पुरावा आहे. स्टिरॉइडने फायदा होतो का हे पाहणाऱ्या क्रॅश अभ्यासात १०,००८ रुग्ण होते, त्यांतले तीन चतुर्थांश कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. स्टिरॉइडने मृत्यू वाढले आणि ती प्रथा जगभर थांबली. त्याच माहितीवरून २००८ मध्ये भाकिताची पद्धत बसवताना संशोधकांना श्रीमंत देशांसाठी एक आणि बाकीच्यांसाठी दुसरी अशी दोन गणिते करावी लागली. सारखीच गंभीर दुखापत असताना गरीब देशात मरण्याची शक्यता दुपटीहून जास्त होती. आपल्याकडची माहिती गोळा होऊ शकते, हेही सिद्ध झाले आहे. केईएम, शीव, दिल्लीचे एम्स ट्रॉमा सेंटर आणि कोलकात्याचे एसएसकेएम या चार रुग्णालयांनी गेल्या दशकात सुमारे १६,००० जखमींची नोंदवही तयार केली. त्यातून कळले की दाखल झालेल्या दर पाचांपैकी एकाहून अधिक जण तीस दिवसांत दगावतात. त्या नोंदवहीत मेंदूच्या प्रथिनांचा रकाना नव्हता. तो आता घालता येईल.

शासनाने त्यासाठी मुंबईतली दोन, ससून, नागपूर आणि संभाजीनगर एवढ्या केंद्रांतून सुरुवात करावी. दाखल होणाऱ्या प्रत्येक गंभीर रुग्णाचा पहिल्या दिवसाचा नमुना ठरलेल्या पद्धतीने घेऊन जपावा, मार लागल्याची वेळ १०८ च्या रुग्णवाहिकेच्या नोंदीवरून भरावी, आणि सहा महिन्यांनी फोन करून किंवा आशा कार्यकर्तीमार्फत घरी जाऊन रुग्ण कसा आहे ते लिहावे. या काळात आकडा उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि नातेवाइकांना दाखवू नये, नाहीतर तो स्वतःलाच खरा करून दाखवील. मराठी माणसांच्या रक्तावर मर्यादा ठरेपर्यंत भाकितासाठी यंत्रांची खरेदी थांबवावी. सीटी वाचवण्यासाठी आणि रुग्ण हलवण्यासाठी ती घ्यायला हरकत नाही. आणि एक परिपत्रक आजच काढता येईल, त्याला अभ्यासाची वाट पाहायची गरज नाही. रक्तातल्या प्रथिनाच्या आकड्यावरून कोणत्याही रुग्णाचा व्हेंटिलेटर, शस्त्रक्रिया किंवा योजनेचा लाभ नाकारता येणार नाही, एवढे एक वाक्य त्यात असावे. ते विभागाच्या सहीने प्रत्येक आयसीयूच्या दाराबाहेर मराठीत लावावे.

कळावे.